पिशवीतले औषध आणि आपली सहल

प्रवास हाही शिक्षणाचाच एक भाग आहे, असे आपल्या महाविद्यालयात नेहमी सांगितले जाते. इतिहास विभागाची सहल निघते, भूगोल विभागाची क्षेत्रभेट होते, राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दत्तक गावी भरते. फलकावर नोटीस लागते. वर्गणी किती, गाडी किती वाजता सुटणार, सोबत ताट, वाटी, पेला, अंथरूण-पांघरूण आणि विजेरी आणावी, हे सारे तीत असते. परंतु माझ्या मते या नोटिशीत एक ओळ वर्षानुवर्षे राहून गेली आहे, आणि ती राहून गेल्यामुळे आपल्यातली काही मुले-मुली सहलीला येतच नाहीत. ती ‘घरी काम आहे’ असे सांगतात. आपणही ‘बरे’ म्हणतो आणि यादीतले पुढचे नाव वाचतो.

ही मुले म्हणजे ज्यांना रोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागते अशी. मधुमेह हा पन्नाशीनंतरचा आणि सुखवस्तू माणसांचा आजार, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती अपुरी आहे. या आजाराचा एक प्रकार बालपणी किंवा ऐन तारुण्यात उद्भवतो. त्यात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीकडून नष्ट होतात. पथ्य, व्यायाम किंवा गोळ्या यांनी ती उणीव भरून निघत नाही. इन्सुलिन बाहेरूनच घ्यावे लागते, तेही दिवसातून अनेकदा. आणि एक-दोन दिवस ते पूर्णपणे चुकले तरी प्रसंग जिवावर बेतू शकतो. वसतिगृहात माझ्या खोलीतली मैत्रीण अशांपैकीच एक आहे. तिच्या परवानगीनेच मी हे लिहिते आहे. तिच्या नावाची येथे गरज नाही.

इन्सुलिन टोचून घेण्याचे तिला काही वाटत नाही. नवव्या वर्षापासून ती ते करते आहे. तिला काळजी असते ती ते औषध थंड ठेवण्याची. एप्रिलमध्ये परीक्षा संपते आणि आम्ही सगळ्या गावी निघतो. त्या दिवसांत विदर्भात आणि मराठवाड्यात पारा बेचाळीस-चव्वेचाळीसच्या पुढे गेलेला असतो. एस.टी.चा पत्रा तापलेला, खिडकीतून येणारा वारा भट्टीतल्यासारखा, आणि प्रवास सहा-सात तासांचा. आम्हांला चिंता असते ती जागा मिळण्याची. तिला चिंता असते ती मांडीवरच्या पिशवीची.

हे औषध इतके नाजूक का, हे समजून घेतले पाहिजे. इन्सुलिन हे एक प्रथिन आहे. एक्कावन्न अमिनो आम्लांची, दोन साखळ्यांत गुंफलेली ही रचना असते, आणि त्या रचनेच्या विशिष्ट घडीवरच तिचे काम अवलंबून असते. अंडे उकडल्यावर ते पुन्हा कच्चे करता येत नाही, तसेच फार उष्णतेत हीही घडी एकदा विस्कटली की पूर्ववत होत नाही. गोठले तरीही ते निकामी होते. वितळल्यावर ते पुन्हा वापरता येत नाही. म्हणून न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे, असे खोक्यावर छापलेले असते. सर्वांत अवघड गोष्ट ही की बिघडलेले औषध पुष्कळदा चांगल्या औषधासारखेच दिसते. स्वच्छ दिसणारे इन्सुलिन गढूळ झाले किंवा त्यात कण दिसू लागले, तर ते टाकून द्यावे हे कळते. पण तसे काही न दिसताही त्याचा जोर ओसरलेला असू शकतो. ते कळते रक्तातली साखर चढल्यावर.

आता यातली दुसरी बाजू. ‘२ ते ८ अंश’ हे आकडे वाचून अनेक घरांत अशी भीती बसते की फ्रिजबाहेर काढले की औषध संपलेच. मग मुलगी मामाच्या गावी जात नाही, लग्नाला जात नाही, शिबिराला जात नाही. ही भीती खरी नाही. वापरायला घेतलेली बाटली किंवा पेन साधारण २५ ते ३० अंशांपर्यंतच्या तापमानात सुमारे चार आठवडे बाहेर चालते, असे बहुतेक उत्पादकच सांगतात. जिनिव्हा विद्यापीठ आणि सीमेपलीकडे काम करणाऱ्या डॉक्टरांची ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ ही संस्था यांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर केनियातल्या दादाब येथील निर्वासितांच्या छावणीत घरातले तापमान दिवसरात्रीत २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान वरखाली होत असे. तेच चढउतार प्रयोगशाळेत घडवून इन्सुलिन चार आठवडे ठेवले, तेव्हा फ्रिजमधल्या औषधाच्या तुलनेत त्याच्या जोरात लक्षणीय फरक पडला नाही. याचा अर्थ बाटली उन्हात ठेवावी असा कोणी करू नये. पंचेचाळीस अंश म्हणजे सदतीस अंश नव्हे, आणि प्रत्येक प्रकारच्या इन्सुलिनचे नियम थोडे निराळे असतात; ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावेत. पण एवढे निश्चित की दोन-चार दिवसांच्या प्रवासाला फ्रिज सोबत असावा लागत नाही. उन्हाच्या तडाख्यापासून आडोसा आणि थोडा गारवा पुरतो. आपले सेवा योजनेचे शिबिर तर हिवाळ्यात असते. तिथे हा प्रश्न जवळजवळ नसतोच!

आणि गारव्याची विद्या आपल्याकडे काही नवी नाही. माठातले पाणी थंड का होते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. एक ग्रॅम बर्फ वितळताना आजूबाजूची सुमारे ८० कॅलरी उष्णता घेतो. एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी घेते. म्हणजे सातपटीहून अधिक. शिवाय ओल्या फडक्याने औषध कधी गोठत नाही. माझी मैत्रीण बाटली घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत ठेवते, डबीला सुती फडके गुंडाळते, ते ओले करते आणि कापडी पिशवीत हवेशीर ठेवते. दर दोन-तीन तासांनी फडक्यावर पाणी शिंपडते. पाण्यात बुडवल्यावर फुगणारे स्फटिक भरलेली तयार पाकिटे आता बाजारात मिळतात. त्यांचेही तत्त्व हेच आहे. ती प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत कोंबली, तर पाणी उडून जाणार नाही आणि गारवाही येणार नाही. घरी किंवा शिबिरात छोट्या मडक्यात डबी ठेवून ते मडके ओल्या वाळूत ठेवले, तरी काम भागते. अर्थात हा उपाय कोरड्या हवेचा आहे. कोकणात किंवा गोव्यात हवाच दमट, तिथे ओले फडके लवकर वाळत नाही आणि गारवाही बेताचाच येतो. तिथे रुंद तोंडाचा थर्मास बरा. तो थंड पाण्याने विसळून, कोरडा करून त्यात फडक्यात गुंडाळलेली बाटली ठेवावी. सुदैवाने तिथला पाराही आपल्याकडच्याइतका चढत नाही.

खरे नुकसान पुष्कळदा उन्हापेक्षा अतिकाळजीने होते. बाटली बर्फाच्या खड्यांत थेट खुपसली जाते आणि गोठते. वसतिगृहाच्या खाणावळीतला फ्रिज तर सर्वांचा. दूध, कोथिंबीर, दह्याचे पातेले यांच्या गर्दीत कोणीतरी औषधाची डबी मागे सरकवतो आणि ती बर्फाच्या कप्प्याला चिकटते. म्हणून ती दाराच्या फळीत ठेवणे चांगले. प्रवासातही काही साध्या गोष्टी आहेत. एस.टी.त चालकाशेजारच्या इंजिनाच्या टपावर, काचेजवळ किंवा वरच्या फळीवर औषध ठेवू नये. सावलीच्या बाजूला हातातल्या पिशवीत ठेवावे. मोटार उन्हात उभी करून औषध आत विसरू नये. विमानाने जाताना ते मोठ्या सामानात न देता जवळ ठेवावे आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. यातले काहीही अवघड नाही. अवघड आहे ते दुसरेच.

अवघड आहे ते विचारणे. ‘तुमच्या फ्रिजमध्ये माझी एक डबी ठेवाल का?’ हे सहा-सात शब्दांचे वाक्य. पण ते उच्चारले की पुढचे प्रश्न येतात. ‘कसले औषध? कधीपासून? घरात आणखी कोणाला आहे?’ मुलगी असेल तर तिच्या आईवडिलांना आणखी एक धास्ती असते. ‘मुलगी इंजेक्शन घेते’ ही गोष्ट गावात पसरली, तर स्थळे कशी येणार? म्हणून ‘कोणाला सांगू नकोस’ अशी ताकीद घरूनच मिळालेली असते. मग औषध कपड्यांच्या घडीखाली, बॅगेच्या तळाशी, तापलेल्या खोलीत लपवले जाते. मला वाटते, आपल्याकडे इन्सुलिन उन्हाने जितके बिघडत असेल, त्याहून अधिक ते लपवल्याने बिघडत असेल. या लपवालपवीची जबाबदारी लपवणाऱ्यावर नाही. ज्यांच्यापुढे ते लपवावे लागते त्या आपणा सर्वांवर आहे.

लसीचे उदाहरण घ्या. लस कारखान्यातून निघते ती शीतगृहातून, थंड पेट्यांतून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आणि तिथून थेट बाळापर्यंत पोचते. पोलिओच्या कुपीवर एक लहान खूण असते. उष्णता लागत जाईल तसा वर्तुळातला चौकोन गडद होत जातो आणि लस देण्याजोगी राहिली की नाही, हे ताईंना एका दृष्टीत कळते. ही साखळी जपली म्हणूनच २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळू शकले. इन्सुलिनलाही अशी साखळी आहे. पण ती औषधाच्या दुकानात संपते. तिथून पुढे बाटली, ऊन आणि ज्याची बाटली तो. दुकानदार ती बर्फाच्या छोट्या पिशवीसह हातात देतो. खोक्यातला माहितीचा कागद मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांतला. एवढ्यावर एखाद्या खेड्यातल्या आईने साखळीचा शेवटचा दुवा सांभाळावा, अशी आपली अपेक्षा असते.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, हे मी जाणून आहे. पहिला सन्माननीय प्राध्यापकांचा: ‘सहलीत काही झाले तर जबाबदारी कोणाची?’ प्रश्न रास्त आहे. परंतु माहीत नसलेल्या आजाराची जबाबदारी माहीत असलेल्या आजारापेक्षा कितीतरी मोठी असते. जी मुलगी न सांगता येते, तिचीच खरी काळजी वाटली पाहिजे. दुसरा आक्षेप त्या मुलामुलींचाच: ‘आमचे नाव जाहीर कशाला?’ ते जाहीर करण्याची काहीच गरज नाही. नोटिशीत फक्त एवढे लिहावे: ‘ज्यांना औषध थंड ठेवावे लागते, त्यांची व्यवस्था होईल, त्यांनी सहलप्रमुखांना खाजगीत भेटावे.’ ही ओळ कोणाचेही नाव विचारत नाही. ‘तू ये, आम्ही तुझा विचार केला आहे’ एवढेच ती सांगते. काचबिंदूच्या काही थेंबांसारखी आणखीही औषधे गारव्यात ठेवावी लागतात. एखाद्या प्राध्यापकांनाही या ओळीचा उपयोग होईल!

१९२२ च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. या शोधाचा हक्क बँटिंग यांच्या सहकाऱ्यांनी टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला देऊन टाकला. ज्या औषधाने मुलांना अंथरुणातून उठवून शाळेत पाठवले, त्याच औषधाच्या बाटलीपायी आज कोणी घरी बसत असेल, तर त्यात विज्ञानाचा दोष नाही.

म्हणून माझ्या तीन साध्या मागण्या आहेत. सहलीच्या आणि शिबिराच्या नोटिशीत वरची ओळ यावी. वसतिगृहाच्या फ्रिजच्या दारातली एक फळी औषधांसाठी राखून तिच्यावर मराठीत तशी चिठ्ठी लावावी. आणि सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावकऱ्यांना जी आरोग्यविषयक माहिती देतो, तीत औषध गार कसे ठेवावे, ते मडक्यासह दाखवावे. यांपैकी कशालाही वेगळा निधी लागत नाही. एवढे येत्या वर्षात झाले, तर पुढच्या वार्षिकांकात या विषयावर कोणाला पुन्हा लिहावे लागणार नाही.