पस्तिसाव्या वर्षी आपल्या राज्याकडून



रग्बी लीग हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नाही. पण त्याचा जन्म कामगारांच्या खाड्यातून झाला, म्हणून आज त्याविषयी लिहितो. उत्तर इंग्लंडमधील खाणींत आणि गिरण्यांत राबणारी माणसे शनिवारी रग्बी खेळत. खेळायला गेले की खाडा, आणि खाडा म्हणजे मजुरी बुडाली. ती मजुरी क्लबने भरून देऊ नये, असा वरच्या वर्गातील साहेबांचा हट्ट होता. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे उत्तरेकडचे क्लब फुटून निघाले. त्यातूनच पुढे तेरा गड्यांचा हा धंदेवाईक खेळ उभा राहिला आणि १९०८ साली सिडनीतही सुरू झाला.

या खेळातील मोठे नाव म्हणजे आर्थर बीटसन. जन्म १९४५, क्वीन्सलँड राज्यातील रोमा गावी. त्यांची आई तेथील मूळ रहिवासी समाजातील. तिला लहानपणीच घरच्यांपासून तोडून चेरबर्गच्या वसाहतीत ठेवले होते. बीटसन १९६६ साली देशाच्या संघातून खेळले. तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या घटनेत मूळ रहिवाशांना लोकसंख्येत मोजू नये असे कलम होते! ते १९६७ च्या जनमतानंतर गेले. १९७३ साली हेच बीटसन देशाचे कर्णधार झाले. कोणत्याही खेळात ऑस्ट्रेलियाचे नेतृत्व करणारे ते पहिले मूळ रहिवासी.

संघातील सहा फॉरवर्ड म्हणजे धक्के खाणारी, अंगमेहनतीची माणसे. बीटसन कधी पहिल्या रांगेत, कधी दुसऱ्या रांगेत खेळत. धिप्पाड देह, पण हात विलक्षण हलका. दोघे-तिघे अंगावर लोंबकळत असतानाही ते एक हात मोकळा काढून चेंडू मागच्या गड्याकडे सोपवीत. खाण्याचे शौकीन होते. दुसऱ्या डावात दमतात, आळशी आहेत, अशी टीकाही झाली. १९६९ साली मैदानाबाहेर काढले गेल्यामुळे बालमेन क्लबचा अंतिम सामना हुकला, आणि क्लब नेमका तोच जिंकला. पुढे ईस्टर्न सबर्ब्ज क्लबात जॅक गिब्सन हे प्रशिक्षक लाभले. त्यांच्या हाताखाली बीटसन यांनी कर्णधार म्हणून १९७४ आणि १९७५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवून दिली. आळशी माणसाचे हे काम नव्हे.

पण एक सल होतीच. सिडनीच्या क्लबांकडे पैसा, म्हणून क्वीन्सलँडचे चांगले गडी पोटासाठी तिकडे जात. नियम असा की जेथे क्लब, त्याच राज्याकडून खेळायचे. त्यामुळे बीटसन न्यू साउथ वेल्सचा निळा सदरा घालून आपल्याच राज्याविरुद्ध उतरले. हा नियम मला तरी अन्यायाचाच वाटतो. माणूस कामाला गेला म्हणून त्याचे गाव बदलते काय?

८ जुलै १९८० रोजी ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर प्रथमच जन्मराज्याच्या तत्त्वावर सामना झाला. बीटसन तेव्हा पस्तीस वर्षांचे. पॅरामॅटा क्लबने त्यांना राखीव संघात टाकलेले. क्वीन्सलँडने त्यांनाच कर्णधार केले. तेहतीस हजारांवर लोक जमले होते. क्लबातील सोबती मिक क्रोनिन समोरच्या संघात होता, पण बीटसन यांनी त्याच्याशीही हात राखला नाही. क्वीन्सलँड २०-१० ने जिंकले.

राज्याकडून असा सामना त्यांना खेळाडू म्हणून तेवढा एकच मिळाला. पुढच्या वर्षी ते प्रशिक्षक झाले, आणि १९८२ पासून मालिकेतील तिन्ही सामने जन्मराज्याच्याच नियमाने होऊ लागले. १ डिसेंबर २०११ रोजी सायकल चालवताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. लँग पार्कच्या बाहेर त्यांचा पुतळा आहे.