शांतता आणि मौन

शांतता आणि मौन हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. ती गफलत आहे. शांतता परिसराची असते, मौन माणसाचे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० व रात्री ४० डेसिबलची मर्यादा घातली. नागपूरजवळच्या कोराडीत एकीकडे औष्णिक वीजकेंद्र, दुसरीकडे नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला लोटणारी गर्दी. तिथे शांतता मिळणे अवघडच. शहरातल्या बंद, निवांत खोल्या मात्र अशाच केंद्रांच्या विजेवर गार राहतात. आपल्या शांततेची किंमत दुसऱ्याचे कान मोजत असतात.

मौनाला डेसिबलची अट नाही. पण म्हणून ते आपोआप निर्दोष ठरत नाही. पवनारला विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन पाळले. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि त्यांनी लिहिलेला ‘अनुशासनपर्व’ हा एकच शब्द सत्तेने आपल्या समर्थनार्थ मिरवला.

म्हणून कोराडीच्या तलावाकाठी निवांतपणा शोधणाऱ्याने कान मिटून घेऊ नयेत. ज्या मौनात दुसऱ्याचा दबलेला आवाज ऐकू येतो, तेच मौन साहित्याच्याही उपयोगाचे आहे, असे मला वाटते.