मुलगा बिघडला, असे म्हणण्यापूर्वी

आमच्या मराठवाड्यातील धर्मग्रामांत अलीकडे एक वाक्य फार सहजपणे उच्चारले जाते : ‘शिकायला पाठविला आणि मुलगा बिघडला.’ लातूरला किंवा नांदेडला खोली घेऊन राहणाऱ्या मुलाच्या पिशवीत बाटली सापडली, खोलीमालकाचा फोन आला किंवा सुट्टीत घरी आलेल्या लेकराच्या तोंडाला वास आला, की हे वाक्य तयार असते. पाठोपाठ उपायही तयार असतो. फादरांकडे न्यावे, वेदीसमोर शपथ घालावी, संगत तोडावी, मोबाइल काढून घ्यावा. या निदानाला आणि या उपायाला आमचा आक्षेप आहे. तो वाचकांना रुचेल की नाही, याचा विचार आम्ही केलेला नाही.

‘लातूर पॅटर्न’ हा शब्द १९९० च्या दशकात महाराष्ट्रभर झाला. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय यांतील प्राध्यापकांनी जादा तास, सततच्या चाचण्या आणि एकेका उत्तरपत्रिकेतील चुकांची दुरुस्ती एवढ्या भांडवलावर खेड्यापाड्यांतील मुलांना बोर्डाच्या गुणवत्ता यादीत नेऊन बसविले. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या प्राचार्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. भूकंपाने हादरलेल्या आणि ‘मागास’ म्हणून हिणविल्या गेलेल्या या भूमीला त्या यशाने मान ताठ ठेवायला शिकविली. त्या यशाची थट्टा आम्ही करणार नाही. परंतु त्या पद्धतीचा प्राण शिक्षक होता. विद्यार्थी कुठे अडला, एवढेच नव्हे तर तो जेवला की नाही हेही त्याला ठाऊक असे. पुढे ‘पॅटर्न’ राहिला आणि शिक्षक निसटला. २०१७ पासून राज्यातील वैद्यकीय प्रवेश ‘नीट’ या एका परीक्षेवर येऊन ठेपले आणि लातूरचा ‘ट्यूशन एरिया’ काय किंवा नांदेडचे भाग्यनगर-श्यामनगर काय, तेथे शिक्षणाची पेठ उभी राहिली. पेठेत मालाला भाव असतो. मालाच्या मनाला नसतो.

आता थोडा हिशेब करू. २०२४ साली ‘नीट’साठी २४ लाखांहून अधिक मुलांनी नोंदणी केली. एमबीबीएसच्या जागा साऱ्या देशात सुमारे १ लाख १० हजार. त्यांतील निम्म्याच्या आसपास खासगी महाविद्यालयांच्या, आणि त्यांचे शुल्क सोयाबीनच्या चार एकरांतून निघत नाही. म्हणजे बावीस मुलांच्या बाकावर एकाला जागा आहे. उरलेल्या एकवीस जणांनी रात्रीचा दिवस केला तरी त्यांना उठावेच लागणार. हे गणित आहे, त्या मुलांच्या शीलाची परीक्षा नव्हे. शिवाय २०२४ च्या त्याच परीक्षेच्या पेपरफुटीच्या तपासात लातूर जिल्ह्यातील शिक्षकांना अटक झाल्याचे या मुलांनी वर्तमानपत्रांत वाचले. दोन वर्षे प्रामाणिकपणे घासलेल्या पोराला तेव्हा काय वाटले असेल, हे त्याला कोणी विचारले?

चौकाचौकांत प्रथम आलेल्यांचे फलक झळकतात. त्यांवर त्या एकाचा चेहरा असतो. एकवीस जण तो फलक रोज ओलांडून मेसला जातात. मग एक वर्ष ‘ड्रॉप’, पुन्हा एक. बरोबरीचा मित्र एव्हाना बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गेलेला असतो. घरी फोन केला की पहिला प्रश्न येतो, ‘टेस्टला किती पडले?’ वडिलांनी उचल घेतली आहे, आईने डोरले गहाण ठेवले आहे आणि धाकट्या बहिणीची शाळेची फी थांबली आहे, हे त्याला न सांगता कळते. झोप उडते. पत्र्याच्या खोलीत रात्रीचे दोन वाजतात आणि शेजारच्या कॉटवरचा सोबती म्हणतो, ‘घे थोडी, झोप लागेल.’

झोप लागतेही. येथेच दारूची खरी लबाडी आहे. ती आरंभीचे तास गुंगी देते आणि उत्तररात्रीची झोप मोडून टाकते. दिवसभर वाचलेले मनात रुजण्याचे काम झोपेतच होत असल्यामुळे पाठ केलेलेही निसटते, आणि सकाळी मन पूर्वीपेक्षा अधिक खिन्न असते. ती खिन्नता बुडविण्यासाठी पुन्हा तीच बाटली. पुष्कळ मुलांच्या बाबतीत बाटली हा दुसरा अध्याय असतो. आम्ही पहिला अध्याय न वाचताच निकाल देतो.

शपथेविषयीही स्पष्टच लिहितो. शपथेला आम्ही तुच्छ लेखत नाही, प्रार्थनेला तर नाहीच. परंतु ज्याचे शरीर रोजच्या दारूला सरावले आहे, त्याने एका दिवसात ती सोडली तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावरही बेतते. अशा मुलाला डॉक्टरांकडे न नेता वेदीसमोर उभा करून घरी कोंडणे ही भक्ती नव्हे. आपल्याच एका धर्मगुरूने, फादर ज्यो परेरा यांनी, १९८१ साली वांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केले ते व्यसन हा आजार आहे हे मानूनच. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांचे पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून याच विश्वासावर चालले आहे. तेथे कोणाला ‘बिघडलेला’ म्हणत नाहीत. ‘रुग्णमित्र’ म्हणतात.

आणि आपल्या घरांचे काय? महाराष्ट्राच्या कायद्याने सौम्य बिअर आणि वाइनसाठी वयाची २१ वर्षे व कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे शिकवणीला जाणाऱ्या या मुलांपैकी जवळजवळ कोणालाही बाटली विकणे हा गुन्हा आहे. ती मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. २०२५ च्या जूनमध्ये राज्य सरकारने मद्यावरील शुल्क वाढविले आणि त्यातून १४ हजार कोटींच्या वाढीव महसुलाची अपेक्षा धरली. अशा तिजोरीकडून आम्ही फार आशा करीत नाही. पण बाप्तिस्म्याच्या पंगतीमागे मांडवाआड जी पेटी उघडते ती सरकारने ठेवलेली नसते. काना गावच्या लग्नाचा दाखला तर आम्हाला दरवर्षी ऐकविला जातो. पाण्याचे सहा रांजण साऱ्यांना आठवतात. अडचणीत सापडलेल्या एका घराची लाज चारचौघांत उघडी न पाडता प्रभूने राखली, हे मात्र दाखला देणाऱ्यांपैकी क्वचितच कोणाला आठवते.

लाजेचा विषय निघाला आहे, तर सर्वांत अवघड गोष्टही बोलू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतील १,७६४ एकट्या महाराष्ट्रातील, म्हणजे कोणत्याही राज्याहून अधिक. अशा घरी आपण कसे जातो? कुजबुजत जातो. ‘अपघात झाला’ असे सांगितले जाते आणि आपण ते मानल्याचे सोंग करतो. ‘फादर, त्याला मिस्सा मिळेल का? दफनभूमीत जागा मिळेल का?’ हा प्रश्न आजही आईच्या ओठांवर थरथरतो. १९१७ च्या धर्मसभेच्या कायद्याने जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारले होते, हे खरे. १९८३ च्या कायद्याने ती तरतूद ठेवली नाही. १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ तर सांगतो, की गंभीर मानसिक आजार, तीव्र यातना किंवा भय यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा व्यक्तींच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. धर्मसभेने दार उघडून चाळीस वर्षे लोटली. दारात अडवून उभे आहेत ते आपले शेजारी.

दुसरा एक युक्तिवाद असा, की ज्याची श्रद्धा पक्की त्याला असली दुखणी होत नाहीत. असे म्हणणाऱ्यांनी राजांच्या पहिल्या ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय उघडून पाहावा. कर्मेल डोंगरावर विजय मिळविलेला एलिया संदेष्टा ईजबेलच्या धाकाने रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. त्याच्याहून पक्की श्रद्धा कोणाची? देव त्याला प्रवचन देत नाही. तो त्याला झोपू देतो. देवदूत उठवून त्याला भाकर व पाणी देतो आणि पुन्हा झोपू देतो. दुसऱ्यांदा जेवू घातल्यावरच होरेबच्या वाटेची गोष्ट निघते. आपला क्रम नेमका उलटा आहे.

मग करावे काय? २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. ही तत्त्वे शिकवणीवर्गांना लागू आहेत तशीच वसतिगृहांनाही, आणि त्यांत आपल्या मिशनची बोर्डिंगेही आली. शुल्काची पावती घेताना आपण ‘गेल्या वर्षी किती लागले?’ एवढेच विचारतो. ‘समुपदेशक कोण, कोणत्या वारी बसतो?’ हेही विचारा. उत्तर आले नाही तर पैसे खिशात ठेवा. पेठेला हीच एक भाषा कळते.

नांदेड आणि लातूर, दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि त्यांत मनोविकारांचे विभाग आहेत. ज्या इमारतीत शिरण्यासाठी मूल झुरते, तिच्याच बाह्यरुग्ण विभागात रुग्ण म्हणून पाऊल ठेवायला ते घाबरते. ‘वेड्याचा डॉक्टर’ हा शब्द त्याने घरीच ऐकलेला असतो.

टेलिमानस या शासकीय सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते. आमच्या चर्चच्या फलकावर मिस्साच्या वेळापत्रकाखाली तो आम्ही ठळक अक्षरांत लिहून ठेवला आहे. हा आकडा पाहून पाहुणे काय समजतील, आपल्या मुलींच्या सोयरिकी कशा जमतील, अशी तक्रार घेऊन काही कुटुंबप्रमुख आमच्याकडे येऊन गेले. क्रमांक अजून फलकावर आहे.