झिरो एरर किती?

व्हायवाला हमखास येणारा प्रश्न - "झिरो एरर किती?" आणि आपलं ठरलेलं उत्तर - "निल, सर!" व्हर्नियर नीट बघितलंय कोणी? जर्नल तर सिनियरचं समोर ठेवून उतरवलेलं! मित्रांनो, सुरुवात न तपासता मोजमाप केलं की काय होतं, याचं एक उदाहरण खूप मोठ्या प्रयोगशाळेतलं आहे.

अमेरिकेतल्या ब्रुकहेवनला २००० सालापासून सोन्याची अणुकेंद्रकं जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवली गेली. त्या टकरीत प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळतात आणि क्वार्क-ग्लुऑनचा इवलासा थेंब तयार होतो. तो लगेच विझतो. हाती लागतात फक्त बाहेर उडालेले कण. त्यांच्या दिशांवरून उलटा हिशोब करून थेंबाचे गुण काढायचे!

टक्कर जरा बाजूने झाली की सामाईक भाग बदामासारखा लांबट होतो आणि कण एका दिशेला जास्त उडतात. २००५ मध्ये जाहीर झालं, की हा थेंब जवळजवळ आदर्श द्रव आहे. पण त्याची विस्कॉसिटी नेमकी किती? इथेच गोची झाली. २००८ च्या सुमारास, सुरुवातीचा आकार कुठल्या मॉडेलने धरला यावर उत्तर जवळजवळ दुपटीने बदलत होतं. डेटा मात्र तोच!

पुढची गंमत ऐका. केंद्रकं गुळगुळीत धरली तर त्रिकोणी प्रवाह शून्य यायला हवा. डेटात मात्र विचित्र उंचवटे दिसत, आणि त्यांना भारी भारी स्पष्टीकरणं दिली जात. २०१० मध्ये बुराक आल्वर आणि गुंथर रोलँड यांनी दाखवलं, की केंद्रकातले कण दर टकरीला वेगळ्या जागी असतात, म्हणून सुरुवातच थोडी तिकोनी होते. सरासरी घेऊन जे पुसलं जात होतं, उत्तर त्यातच होतं!

मला सगळ्यात भावला तो २०१८ चा प्रयोग. रुथेनियम आणि झिर्कोनियम, दोन्हींत ९६ कण. प्रोटॉन मात्र ४४ आणि ४०. चुंबकीय क्षेत्राचा परिणाम तेवढा वेगळा दिसेल, बाकी सगळं सारखं, असा अंदाज होता. कुठला डेटा कुणाचा हे लपवून, निकष आधीच लिहून ठेवून विश्लेषण केलं. २०२१ मध्ये निकाल आला... अपेक्षित खूण नाही! शिवाय केंद्रकांची ठेवणच वेगळी असल्याने निघणाऱ्या कणांची संख्यासुद्धा सारखी नव्हती. हे सगळं त्यांनी जसंच्या तसं छापलं.

आपण काय केलं असतं? रीडिंग 'ॲडजस्ट'!

सरांना एक नम्र विनंती : बरोबर उत्तराला मार्क द्याच, पण खऱ्या झिरो एररला आणि न जुळलेल्या रीडिंगलाही द्या. मग बघा, आम्ही व्हर्नियर हातात घेतो की नाही!