पतंगाची फळी आणि घरचा हिशेब

गतमासीं एका वाचक-गृहस्थांचें पत्र आलें. त्यांच्या नातवास समुद्रावर काइटबोर्डिंग शिकण्याची हौस लागली असून त्यानें एक झगझगीत, महाग फळी पसंत करून ठेविली आहे. आजोबा साठविलेल्या पैशांतून कांहीं रक्कम देण्यास तयार आहेत; परंतु घरांत दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, घ्यावयाची तर उत्तमच घ्या. दुसरा म्हणतो, स्वस्तांत स्वस्त आणा. आमच्या मतें दोन्ही पक्षांचा प्रारंभच चुकला आहे.

अपरिचितांसाठीं खेळाचें स्वरूप प्रथम सांगतों. आकाशांत चढविलेला मोठा पतंग खेळाडूच्या कमरेच्या पट्ट्यास दोऱ्यांनीं जोडलेला असतो, आणि त्याच्या ओढीनें पायांखालील फळी पाण्यावरून धांवते. हवा भरलेल्या पतंगाच्या पेटंटासाठीं लेगेन्यू बंधूंनीं फ्रान्समध्यें १९८४ सालीं अर्ज केला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें हा खेळ प्रथमच आला व त्याच्या शर्यती मार्सेय येथें झाल्या. आपल्याकडे गोव्यांतील मोरजीच्या किनाऱ्यावर दुपारच्या समुद्रवाऱ्यांत हे पतंग दिसतात.

आतां खर्चाचा क्रम. पहिला पैसा शिक्षणावर खर्चावा. पहिले कित्येक तास वाळूवर पतंग आंवरण्यांत, व नंतर फळीवांचून पाण्यांतून ओढलें जाण्याच्या अभ्यासांत जातात. पुढेंही शिकवणी चालू असेपर्यंत साहित्य बहुधा शिक्षकाकडूनच मिळतें. त्यापूर्वीं घेतलेली फळी माळ्यावर धूळ खात पडते.

शिक्षण झाल्यावर फळी निवडतांना प्रथम शरीराचें वजन पाहावें. पासष्ट ते ऐंशी किलो वजनाच्या नवशिक्यास सुमारें १४० सेंटिमीटर लांब व ४२ सेंटिमीटर रुंद फळी सोयीची पडते. पंचावन्न किलोच्या आसपास १३५ सेंटिमीटर पुरते; नव्वद किलोंच्या वर १५० च्या सुमाराची घ्यावी. मोठ्या पृष्ठभागास पाण्याचा आधार अधिक मिळतो, म्हणून ती थोड्या ओढीनेंही पाण्यावर तरंगत धांवूं लागते आणि क्षणभर ओढ मंदावली तरी लगेच बुडत नाहीं. दुपारचा वारा मध्यम असेल तेथें हा गुण फार उपयोगी पडतो.

आकार दोन्ही टोंकांस सारखा असावा. यास ट्विन-टिप म्हणतात. दिशा बदलतांना पाय काढून पुनः घालावे लागत नाहींत. तळाचा बांक थोडा असावा, म्हणजे वाऱ्याकडे चढून जाणें सोपें होतें. अधिक बांकाची, ताठ कार्बनची फळी उड्या मारणाऱ्या तरबेजांसाठीं आहे. लांकडी गाभ्यावर काचतंतूंचें आवरण असलेली साधी फळी नवशिक्याच्या पायांना अधिक मृदु वाटते व स्वस्तही पडते. ऑलिंपिकमध्यें दिसलेली, दांड्यावर पंख असलेली फळी तर पहिल्या खरेदींत मुळींच नको.

फळी जुनी घेण्यास हरकत नाहीं. तीत उन्हानें जीर्ण होणारें कापड नसतें. मात्र परीक्षा कसोशीनें करावी. येथें स्थालीपुलाकन्याय चालत नाहीं. एक शीत चांचपून भात शिजला असें म्हणतां येतें, पण एक स्क्रू घट्ट बसला म्हणून सर्व बसतील असें नाहीं. पट्ट्यांचें व तळाच्या पंखांचें प्रत्येक छिद्र स्क्रू घालून पाहावें. कडा उकलल्या आहेत काय, तडा गेला आहे काय, दाबल्यावर करकर आवाज येतो काय, हें तपासावें. आंत पाणी मुरलेली फळी फुकट मिळाली तरी घेऊं नये.

पतंगास मात्र हा नियम लावूं नका. २००५ च्या सुमारास जे नव्या घडणीचे पतंग निघाले, त्यांत दांडी सोडतांच ओढ बहुतेक नाहींशी होते. त्यापूर्वींच्या अनेक पतंगांत ती सोय अपुरी होती. स्वस्त मिळतो म्हणून असा पतंग आणणें म्हणजे मुलाच्या जिवावर काटकसर करणें होय. ओढ तत्काल तोडणारी कळ व शिरस्त्राण यांतही घासाघीस नसावी. फळी शरीरास दोरीनें बांधण्याचा मोहही टाळावा. ताणलेली दोरी फळी उलट डोक्यावर आदळते. सुटलेली फळी पोहत व ओढत गांठण्याची विद्या पहिल्या शिकवणींतच मिळालेली असते.

एकत्र कुटुंबास एक लाभ आहे. पायांचे पट्टे सैल-घट्ट करतां येत असल्यानें वजनांत थोडेंच अंतर असलेल्या भावंडांस एकच फळी पुरते. तेव्हां पत्रलेखक आजोबांनीं नातवास जवळ बसवून त्याच्याच हातून हिशेब मांडवावा: प्रथम शिकवणी, मग पतंग व संरक्षणाचें साहित्य, आणि उरलेल्या रकमेंत फळी. झगझगीत फळीचा हट्ट त्या कागदावर आपोआप निवेल, आणि आजोबांची रक्कम जेथें खरी लागावयास हवी तेथेंच लागेल.