कोण जिंकेल, एवढंच तर विचारलं!



आज पापड नाहीत, आयंबिलाचे पदार्थ नाहीत. आज मी बॉक्सिंगवर लिहिणार आहे. हसू नका. हा विषय माझ्या घरात शिरला आहे आणि तुमच्याही घरात शिरला असणार, तुम्हाला अजून कळलं नसेल एवढंच.

२०२४ च्या कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास संपला. दुसऱ्या दिवशी, १६ नोव्हेंबरला सकाळी साध्वीजींचा विहार होता. आम्ही बायका त्यांना बरंच अंतर पोहोचवून आलो. मन भरून आलं होतं. घरात पाऊल टाकलं तर हॉलमधून आवाज, "मार, तोंडावर मार!" माझा पुतण्या आणि त्याचे चार मित्र टीव्हीसमोर बसले होते. अमेरिकेत माइक टायसन आणि जेक पॉल यांची हेवीवेट लढत चालू होती. एक ५८ वर्षांचा, दुसरा २७ वर्षांचा. आजोबा होण्याच्या वयाच्या माणसाला एका तरुणाने ठोसे मारायचे आणि ते जगाने बघायचे!

संध्याकाळी खरी गोष्ट कळली. मुलांनी आपसात पैजा लावल्या होत्या. टायसन पहिल्याच फेरीत लोळवणार, असं म्हणून पुतण्याने आठ हजार लावले होते. अंदाज कशावर बांधला? १९८८ मध्ये टायसनने मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत पाडलं होतं, त्या चित्रफितीवर. छत्तीस वर्षांपूर्वीच्या माणसावर त्याने आजचे पैसे लावले. लढत आठही फेऱ्या चालली आणि तिन्ही पंचांनी पॉलला विजयी ठरवलं. आठ हजार गेले. ते मोंढ्यातल्या आमच्या दुकानाच्या गल्ल्यातले होते.

पण मला लिहायला लावलं ते पैशांनी नाही, जाऊबाईंच्या उत्तराने. त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं, मुलगा आहे. कोण जिंकेल एवढंच तर सांगितलं त्याने. दारू तर नाही ना प्यायला?"

याच मुलाने मागे मित्राकडे बटाटावडा खाल्ला होता, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. मैत्रिणींनो, बटाट्यातल्या अनंत जीवांसाठी आपलं मन हळहळतं आणि ते हळहळलंच पाहिजे. मग एका माणसाचा जबडा केव्हा फुटेल यावर पैसे लागतात, तेव्हा ते मन कुठे जातं? सात कुव्यसनं आपण पाठशाळेत पाठ केली. त्यात पहिलं नाव जुगाराचं आहे. दारूचं नाव नंतर येतं. जाऊबाईंनी यादी उलटी धरली, आणि आपल्यातल्या बहुतेक जणी तशीच धरतात.

"पैसे लावणं वाईटच, पण नुसता अंदाज सांगायला काय हरकत आहे?" असं तुमच्यातल्या पुष्कळ जणी विचारतील. पुतण्यानेही हेच विचारलं. तो आणि त्याचे मित्र रात्र रात्र एकाच गोष्टीवर बोलतात: ऐन भरातला मोहम्मद अली आणि ऐन भरातला टायसन समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं? "काकी, ही लढत कधी होणारच नाही. मग यात हिंसा कुठे आली?"

प्रश्न चांगला आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट देते.

रोज प्रतिक्रमणात आपण आठव्या व्रताचे अतिचार म्हणतो. अनर्थदंड म्हणजे विनाकारण केलेलं पाप. ज्यातून घर चालत नाही, पोट भरत नाही आणि तरी कर्म बांधलं जातं. त्याचा पहिला प्रकार अपध्यान. आचार्य पूज्यपादांनी तत्त्वार्थसूत्रावरच्या सर्वार्थसिद्धी टीकेत अपध्यान समजावताना दुसऱ्यांचा जय कसा होईल, पराजय कसा होईल, याच्या चिंतनापासूनच सुरुवात केली आहे, आणि वध-बंधनाचं चिंतन त्याच्याच रांगेत बसवलं आहे. म्हणजे "कोण जिंकेल" हा निरागस वाटणारा प्रश्न त्यांनी नेमका ओळखला होता. लढत झाली की नाही, याचा इथे संबंधच नाही. आपल्या मनात ती होते. ठोसा मनात बसतो, कोणीतरी मनात कोसळतो आणि आपल्याला बरं वाटतं.

आणि हे अंदाज खरे तरी असतात का? रॉकी मार्सियानो ४९ लढती जिंकून एकदाही न हरता १९५६ मध्ये निवृत्त झाला. तो आणि अली यांच्यात श्रेष्ठ कोण, हे कॉम्प्युटरकडून ठरवायचं असं अमेरिकेत एकाने योजलं. १९६९ मध्ये दोघांना रिंगणात उभं करून लुटुपुटूच्या लढतीचं चित्रीकरण केलं, शेवटही वेगवेगळे घेतले. जानेवारी १९७० मध्ये तो चित्रपट दाखवला गेला. अमेरिकेत मार्सियानोने तेराव्या फेरीत अलीला लोळवलं. युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकला! ज्याला जे बघायचं होतं ते त्याला मिळालं. आणि मार्सियानो? तो प्रदर्शनाआधीच, ३१ ऑगस्ट १९६९ ला विमान अपघातात गेला होता. माणूस उरला नव्हता, लोक त्याचा विजय बघत होते.

अलीचं पुढे काय झालं, हेही मुलांना सांगा. १९८१ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर तो शेवटचं लढला आणि हरला. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. त्यानंतर २०१६ पर्यंत तो जगला, ते थरथरत्या हातांनी. "ऐन भरातला अली" म्हणणाऱ्या मुलांच्या तोंडी हा अली कधी येत नाही. अंदाज करणाऱ्याला माणूस नको असतो, फक्त त्याचा भर हवा असतो.

मी खेळाडूंना नावं ठेवत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीची कुस्ती आपल्या जालन्यात झाली होती, आठवतं ना? अंतिम लढतीत आदल्या वर्षीचा विजेता अभिजित कटके आणि बुलढाण्याचा बाला रफिक शेख. रफिक ११-३ ने जिंकला. मला डाव कळत नाहीत, पण घरात सगळे बघत होते म्हणून मीही टीव्हीसमोर बसले, आणि थोड्या वेळाने माझ्याच तोंडून निघालं, "अरे, पाड ना त्याला!" कोणाला पाडायचं होतं मला? ज्याचं मी तोंड कधी पाहिलं नव्हतं, ज्याने माझं काही बिघडवलं नव्हतं, त्याला. मल्ल नियमात राहून, वर्षानुवर्षं अंग कष्टवून लढतात. सोफ्यावर बसून पाडापाडी करणारी मी होते. त्या रात्री प्रतिक्रमणात आठव्या व्रतापाशी माझी जीभ अडखळली.

एक आणखी गंमत बघा. केसरी ही पदवी आपल्या जालन्याला त्याआधीपासून ओळखीची आहे. ज्यांच्या समाधीला आपण जातो त्या गुरु गणेशलालजी महाराजांना कर्नाटक गजकेसरी म्हणतात. त्यांनी कोणाला पाडलं होतं? तप करून स्वतःलाच.

"मग मुलांनी बोलायचंच नाही का?" जरूर बोलावं. उंचीचा फायदा काय, हातांची लांबी किती, दमसास कसा टिकवतात, हे समजून घेणं ज्ञान आहे. पण बोलण्यातून एकाचं पडणं गोड लागू लागलं की तिथे थांबायचं. पैसा आला की तर संपलंच. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलं झालं. पण चार मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातली पैज पकडायला सरकार येणार नाही. तिथे आई लागते, काकी लागते.

हे मी उगाच म्हणत नाही. हेमचंद्राचार्यांनी सांगितलेली भरत-बाहुबलीची कथा आठवा. दृष्टियुद्ध, वाग्युद्ध, बाहुयुद्ध, मुष्टियुद्ध, दंडयुद्ध. यापेक्षा मोठी लढत कोणती? बाहुबली वरचढ ठरत गेला. शेवटी भावावर उगारलेली मूठ त्याने आवरली आणि त्याच मुठीने स्वतःचे केस उपटून दीक्षा घेतली. तरीही वर्षभर केवलज्ञान झालं नाही, कारण आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन करायला मान तयार नव्हती. तेव्हा ब्राह्मी आणि सुंदरी या दोन बहिणी आल्या आणि म्हणाल्या, हत्तीवरून खाली उतर. तो उतरला.

त्या बहिणींनी "जाऊ दे, भाऊच आहे" असं म्हटलं नाही.

मी पुतण्याला दुकानातल्या वहीवर आठ हजार स्वतःच्या नावे लिहायला लावले. दर महिन्याला हजार फेडले त्याने, आठ महिने. जाऊबाई पहिले दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या महिन्यात हप्ता द्यायला त्यांनीच त्याला आठवण केली.

कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. पण आज रात्री घरात विचारा, "पैज कोणी लावली आहे का?" उत्तर येईपर्यंत जागच्या हलू नका.