चालकाला खरे सांगता येईल अशी तपासणी

२२ डिसेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात कचऱ्याचा ट्रक चालवताना चालकाची शुद्ध हरपली. ट्रक नाताळच्या खरेदीच्या गर्दीत शिरला आणि सहा माणसे मेली. त्याआधी चार वर्षांपूर्वी बसच्या स्टीअरिंगवरही त्याला अशीच भोवळ आली होती, हे नंतरच्या चौकशीत उघड झाले. डॉक्टरांना त्याने ती हकीकत खरी सांगितली नव्हती आणि पुढच्या नोकरीच्या वेळी तर ती लपवलीच. त्याचे डोळे आणि कान कितीही बारकाईने तपासले असते तरी हे कळले नसते. भोवळ, आकडी, गाडी चालवताना लागणारी डुलकी, अचानक उतरणारी साखर या गोष्टी तपासणीच्या टेबलावर सहसा सापडत नाहीत, त्या माणसाने सांगाव्या लागतात. म्हणून व्यावसायिक चालकाच्या तपासणीचा कणा म्हणजे डॉक्टरने घेतलेली हकीकत, आणि आपल्याकडे नेमकी तीच सर्वांत घाईत उरकली जाते.

भारतात लायसन्ससाठी लागणाऱ्या वैद्यकीय दाखल्याचा नमुना १-अ पाहिला तर डॉक्टरला विचारलेले प्रश्न मुख्यतः नजर, रंगांची ओळख, रातांधळेपणा, ऐकू येणे आणि हातापायांचे व्यंग यांबद्दलचे आहेत. पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, हा प्रश्न आवश्यकच आहे. पण रात्रभर घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा आणि दिवसा स्टीअरिंगवर पेंगणारा चालक ती पाटी बिनचूक वाचतो. फेफरे किंवा चक्कर येते का, हे नमुना १ या स्वघोषणेत अर्जदाराने स्वतःच लिहून द्यायचे असते. त्यात मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने व्यावसायिक लायसन्सची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला मधुमेह जडायला आणि त्याच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा व्हायला पाच वर्षे पुरेशी असतात. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतले किती मृत्यू चालकाच्या आजारपणामुळे झाले, हे त्या आकड्यावरून कळत नाही, आणि अपघातानंतर ते शोधण्याची आपल्याला सवयही नाही.

मग डॉक्टरने काय करावे? आधी प्रश्न चालकाच्या भाषेत विचारावेत. ‘एपिलेप्सी आहे का’ याला उत्तर नाहीच येणार. ‘कधी आकडी आली का, डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडलात का, सिग्नलला थांबल्यावर झोप लागते का’ याला येईल. कोणत्या गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन घेता का, सलग किती तास गाडी चालवता, हेही विचारावे. काम बदलले की निकषही बदलायला हवेत. घाटातून टँकर नेणाऱ्याला आणि गोदामाच्या आवारात छोटा टेम्पो चालवणाऱ्याला एकच छापील दाखला देणे दोघांवरही अन्याय आहे. २०२० मध्ये केंद्राने सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसन्सचा मार्ग खुला केला, तो याच विचाराने: दोष आहे की नाही एवढ्यावर न थांबता तो किती आहे आणि कामात कुठे आडवा येतो, हे पाहायचे. शिवाय डॉक्टर बांधलेला नसावा. जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम १० नुसार कारखान्यात हितसंबंध असलेल्याला प्रमाणक शल्यचिकित्सक, म्हणजे कामगारांना तपासणारा डॉक्टर, म्हणून नेमता येत नसे. चालकाचा दाखला मात्र अनेकदा एजंटमार्फत, तपासणाऱ्यालाच पैसे देऊन मिळतो. ही फी परिवहन विभागाकडे जमा व्हावी आणि डॉक्टर विभागानेच नेमून द्यावा.

यावर पहिला आक्षेप वेळेचा आणि खर्चाचा येतो. पण हकीकत घ्यायला यंत्र लागत नाही, पंधरा-वीस मिनिटे लागतात. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि मला तो टाळायचा नाही: खरे सांगितले तर चूल बंद होईल. ज्याच्या घरी पाच माणसे त्याच्या फेरीवर जेवतात तो आकडी लपवणारच, आणि त्याला नुसते खोटारडा म्हणून चालणार नाही. म्हणून ‘फिट’ आणि ‘अनफिट’ यांच्या मध्ये आणखी पायऱ्या हव्यात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होईपर्यंत थांबा, इन्सुलिनवर असाल तर दरवर्षी या, झोपेचा उपचार घेऊन परत या, असे डॉक्टरला लिहिता आले पाहिजे. सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही, असे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. २०२५ मध्ये तेलंगणातील एस.टी.च्या रंगांधळ्या चालकाला पर्यायी काम नाकारून घरी बसवणे सर्वोच्च न्यायालयाने चुकीचे ठरवले. खासगी मालकाच्या ट्रकवरील चालकाला मात्र हे छत्र नाही, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. महाराष्ट्रात रिक्षा-टॅक्सी चालकांसाठी कल्याणकारी मंडळाची तरतूद झाली आहे. तसे मंडळ ट्रकचालकांसाठीही करून, तात्पुरत्या अपात्रतेच्या काळातला उपचार आणि घरखर्च त्यातून द्यावा. त्यासाठीचा पैसा मालवाहतुकीवरच्या छोट्या उपकरातून उभा करता येईल.